जर्मन शिकारी बंदुकांचा लिलाव : माल फर्स्टक्लास, कॅटलॉग नापास

जर्मनीतल्या एका लिलावघराच्या जुन्या शिकारी बंदुकांच्या सेलबद्दल लिहितोय, नाव मुद्दाम देत नाहीये. माल खरंच चांगला होता हे आधी सांगून टाकतो. सुहल या बंदुकांसाठी प्रसिद्ध जर्मन गावच्या घोडेवाल्या दुनळ्या, झेला-मेलिसची ड्रिलिंगं (वर छऱ्यांच्या दोन नळ्या आणि खाली रायफलची एक), आणि कोरीवकाम असं की हरणाच्या अंगावरचे केस मोजावेत. पण कॅटलॉग ज्याने कोणी लिहिलाय त्याने नळ्या काढून त्यांच्या खालच्या बाजूला बघितलेलंच नाही असं दिसतं, नळ्यांवरच्या पट्टीवरचं नाव वाचलं, नक्षी बघितली आणि वर्ष ठोकून दिलं. जर्मन बंदुकीची सगळी कुंडली खालीच असते ना राव!

आता हेच बघा. जर्मनीत प्रूफ म्हणजे नळीची सरकारी चाचणी सक्तीची झाली १८९१च्या कायद्याने आणि अंमल सुरू झाला १ एप्रिल १८९३ला. तेव्हापासून नळीवर मुकुट आणि त्याखाली एकेक अक्षर. बी म्हणजे बार काढून चाचणी झाली, यू म्हणजे त्यानंतरची तपासणी, एस छऱ्यांची गुळगुळीत नळी, डब्ल्यू चोक असलेली म्हणजे तोंडाशी किंचित अरुंद, जी म्हणजे आतून पीळदार खाचा असलेली रायफलची. आणि कॅटलॉगमधे एक दुनळी 'सुहल, सुमारे १८८०' म्हणून छापलीये, खाली बघतो तर मुकुट बी, मुकुट यू, एस, डब्ल्यू सगळी वरात हजर. १८८० कुठून आलं देव जाणे. उलट एक 'सुमारे १९००' म्हणून लावली होती तिच्यावर मुकुटाखाली व्ही. हा शिक्का कायदा लागू झाला तेव्हा आधीच बनून पडलेल्या स्टॉकसाठी होता, म्हणजे ती १८९३च्या आधीची. नव्या बंदुकीला म्हातारी केलं आणि म्हातारीला नवी.

सगळ्यात हसू आलं ते 'सिरीयल नंबर ११८.३५' वाचून. दशांश चिन्ह असलेला सिरीयल नंबर कधी बघितलाय का कोणी? अहो ते नळीचं माप आहे. त्या काळात रायफलची नळीसुद्धा १२ बोअर १६ बोअरच्याच हिशोबाने मोजायचे, एक पौंड शिशाच्या तेवढ्या सारख्या गोळ्या केल्या तर त्यातली एक नळीच्या व्यासाची होते. ११८.३५ म्हणजे ०.३४० इंच, साधारण ८.६ मिलिमीटर. १७२.२८ दिसलं तर ०.३०० इंच. मिलिमीटरमधले आकडे नंतर आले. आणि हे नळीचं आतलं माप आहे, काडतुसाचं नाव नाही, त्यामुळे नेमकं कुठलं काडतूस ते चेंबरचा, म्हणजे काडतूस बसतं त्या जागेचा, साचा काढल्याशिवाय ठामपणे सांगू नये. कॅटलॉगने त्या रकान्यात डॅश मारलाय, निदान थाप तरी नाही मारली.

अजून दोन-तीन पटापट. नळीवर क्रुप या पोलाद कंपनीच्या तीन कड्या आणि नाव होतं म्हणून एका लॉटला 'मेकर : क्रुप' लिहिलंय. क्रुपने स्टील पुरवलं हो, बंदूक बनवणारा वेगळा. एका ड्रिलिंगवर झेला-मेलिस कोरलंय आणि वर्ष दिलंय १९०५, पण झेला आणि मेलिस ही दोन गावं एक झाली १९१९ला! आणि एक 'बर्लिनची दुनळी', बर्लिन हा पट्टीवरच्या दुकानदाराचा पत्ता, खाली लंबगोलात ई एल जी, म्हणजे प्रूफ बेल्जियमच्या लिएजचं. बेल्जियन बंदूक वाईट असते असं मुळीच नाही, पण मग जर्मन म्हणून जर्मन भावाने का विकता.

इथपर्यंत मी हसत होतो, पण एका दुनळीला 'वापरायला तयार' लिहिलंय ते मात्र खटकलं. तिच्यावर धूरविरहित दारूच्या चाचणीचा मुकुट एन नाही, नळ्या डमास्कस (लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून जोडलेल्या, जुन्या पद्धतीच्या), चेंबर ६५ मिलिमीटर. त्यात कोणी आजचं ७० मिलिमीटरचं काडतूस घातलं तर? बार झाल्यावर काडतुसाचं उघडणारं तोंड चेंबरच्या पुढच्या अरुंद भागात अडकतं आणि दाब वाढतो. असली बंदूक चालवायचीच असेल तर आधी सुहल किंवा उल्मच्या प्रूफ हाउसमधून तपासून घ्या, नाहीतर भिंतीवर छान दिसते.

सर्व्हिसबद्दल मात्र तक्रार नाही. व्ह्यूइंगला चांगला दिवा आणि मऊ कापड घातलेलं टेबल दिलं, नळ्या काढून बघायला कोणी अडवलं नाही, घाई केली नाही, उलट तिथला एक वयस्कर कर्मचारी स्वतःच पुढचं लाकूड काढून द्यायचा आणि व्हीच्या शिक्क्याकडे बोट दाखवून मिश्किल हसायचा, म्हणजे घरात जाणकार माणूस आहे, त्याला कॅटलॉग लिहायला बसवत नाहीत एवढंच. ताबा देताना कागदपत्रांच्या बाबतीत एकदम कडक, शिकारीचं लायसन्स किंवा शस्त्रपरवाना दाखवल्याशिवाय हात लावून देणार नाहीत, ते बरोबरच आहे. पॅकिंगही मजबूत.

पाचपैकी तीन स्टार. जे प्रत्यक्ष जाऊ शकत नाहीत आणि ऑनलाइन बोली लावणार आहेत त्यांनी आधी मेल टाकून नळ्यांच्या खालच्या बाजूचे आणि ॲक्शनच्या (नळ्या जिथे बसतात त्या सांगाड्याच्या) सपाट भागाचे क्लोजअप मागवा. मागितले की पाठवतात, साइटवर मात्र फक्त हरणांचे फोटो आहेत.