जुन्या एलियनवेअरमध्ये नवं कार्ड, नवा प्रोसेसर : पैसे कशात वसूल झाले

माझ्याकडचा एलियनवेअर एम१७एक्स आर४ हा डेलचा गेमिंग लॅपटॉप मूळचा मोठ्या भावाचा. त्याने तो २०१२ साली घेतला, पुढे नोकरीसाठी तो जर्मनीला गेला आणि चार किलोंच्या वर वजन असलेलं हे मशीन माझ्या टेबलावर आलं. मी नाशिकला इंटिरियरची कामं करते. दिवसा ब्लेंडर (खोल्यांची त्रिमित चित्रं बनवायचं सॉफ्टवेअर), रात्री वेळ मिळालाच तर गेम. यंदा मी यातला प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोन्ही बदलून घेतलं. अशा जुन्या गेमिंग लॅपटॉपचे मालक अजून बरेच आहेत आणि त्यांना दुकानात धड उत्तर मिळत नाही, म्हणून सविस्तर लिहितेय.

मूळ मशीनमध्ये कोअर आय७-३६१०क्यूएम प्रोसेसर आणि २ जीबीचं जीटीएक्स ६७५एम कार्ड होतं. माझी गाडी अडली होती ती कार्डापाशी. ६७५एम हे एनव्हिडिया कंपनीच्या फर्मी नावाच्या जुन्या पिढीतलं. त्या पिढीला नव्या गेमसाठीचे ड्रायव्हर मिळणं एप्रिल २०१८ मध्येच थांबलं, आणि ब्लेंडरने २.८० आवृत्तीपासून सायकल्स या रेंडरिंगच्या (मॉडेलवरून अंतिम चित्र काढण्याच्या) भागात फर्मीचा आधार काढून टाकला. म्हणजे कार्ड धडधाकट असूनही माझ्या कामाला शून्य उपयोग. सगळं रेंडर प्रोसेसरवर. एका मॉड्यूलर किचनचा एक बरा फोटो काढायचा तर मशीन रात्रभर चालू ठेवायचं आणि सकाळी उठून बघायचं की छतावर ठिपके राहिलेत का.

नवा लॅपटॉप घ्यायचा विचार केला नाही असं नाही. पण माझ्या कामाला पुरेल असं मशीन म्हटलं की खर्च लाखाच्या पुढे सरकतो, आणि याचा १७.३ इंची पडदा, खोल दाबले जाणारे कीबोर्डचे खटके, चार रॅमच्या जागा हे सगळं अजून ठणठणीत आहे. चांगली वस्तू केवळ एका भागापायी अडगळीत टाकणं मला पटत नाही.

आता मुख्य प्रश्न : तुमच्या लॅपटॉपमध्ये हे जमतं का? प्रोसेसरचं नाव बघा. इंटेलच्या तिसऱ्या पिढीपर्यंत शेवटी ‘क्यूएम’ आणि चौथ्या पिढीत ‘एमक्यू’ असेल, तर चिप बहुतेक वेळा सॉकेटमध्ये बसवलेली असते आणि निघते. ‘एचक्यू’ असेल तर ती बोर्डावर सोल्डर केलेली आहे, विषय संपला. कार्डाचं तसंच. ते एमएक्सएम नावाच्या खाचेत बसणारं वेगळं बोर्ड असेल तर बदलता येतं. एम१७एक्स, एम१८एक्स, एमएसआयचे जीटी६०, जीटी७० आणि क्लेव्हो कंपनीच्या सांगाड्यावर बनलेली कितीतरी मशिन्स या जातीतली. पाचव्या पिढीपासून इंटेलने लॅपटॉपच्या प्रोसेसरला सॉकेट देणंच बंद केलं. सोल्डर केलेली चिप काढून दुसरी बसवून देतो म्हणणारे भेटतात, त्यांच्या नादी लागू नका. जुन्या बोर्डाला तेवढी भट्टीसारखी उष्णता दिली की दुसरंच काहीतरी निकामी होण्याची भीती फार.

नाशिकमध्ये दोन दुकानांत विचारलं. एकाने सांगितलं, लॅपटॉपचं ग्राफिक्स कार्ड बदलताच येत नाही, अख्खा मदरबोर्ड घ्यावा लागेल. दुसऱ्याने मशीन उघडूनही न बघता ‘हे भंगारात द्या मॅडम’ म्हटलं. मला या दोन्ही उत्तरांचा राग आला, कारण डेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये कार्ड कसं काढायचं हे चित्रांसकट दिलेलं आहे. शेवटी ओळखीतून मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडवरच्या एका कारागिराचा पत्ता मिळाला. सकाळची पंचवटी पकडली, दादरला उतरून ग्रँट रोड गाठलं. पोटमाळ्यावरची दोन माणसं बसतील एवढी जागा, पण टेबल स्वच्छ, मनगटाला अँटीस्टॅटिक पट्टा, स्क्रूंसाठी चुंबकाची ताटली. या दादांचं नाव-पत्ता इथे देत नाही, ते वेळ ठरवूनच काम घेतात.

काम माझ्यासमोर झालं आणि मला ते बघायला फार आवडलं. बॅटरी काढली, खालचं झाकण सरकवलं की दोन्ही पंखे आणि दोन्ही हीटसिंक (चिपेची उष्णता ओढून घेणारे धातूचे भाग) समोर. प्रोसेसरला एक पंखा, कार्डाला दुसरा, एकमेकांशी संबंध नाही. हीटसिंक उचलल्यावर चिपेची उष्णता त्याच्याकडे पोचवणारी जुनी पेस्ट पापुद्र्यासारखी सुटून आली. सॉकेटच्या कडेला एकच मोठा स्क्रू असतो, त्याच्या दोन बाजूंना उघड्या आणि बंद कुलुपाची खूण. दादांनी चपट्या पेचकसाने तो अर्धा फेरा वळवला, हलका ‘टक’ आवाज आला, आणि चिप नुसती दोन बोटांनी सरळ वर उचलली. खाली ९८८ छिद्रं. नवी चिप ठेवताना कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण जुळवायचा आणि दाबायचं अजिबात नाही. ती आपल्या वजनाने बसते. बसली नाही तर पिन वाकलेली आहे असं समजून परत उचलायची. ‘ताई, इथे जोर लावला की खेळ खलास,’ एवढंच ते बोलले.

नवी चिप कोअर आय७-३८४०क्यूएम. जुनीचा मूळ वेग २.३ गिगाहर्ट्झ आणि टर्बोत, म्हणजे गरजेला आपोआप वाढतो तेव्हा, ३.३. नवीचा २.८ आणि ३.८. कॅश (चिपेतली जलद मेमरी) ६ एमबीची ८ एमबी झाली, दोघींचं वीज रेटिंग ४५ वॅट. वापरलेली चिप घेताना तिच्यावरचा कोड वाचून घ्या. ३८४०क्यूएमवर ‘एसआर०यूटी’ हवं. ‘इंटेल कॉन्फिडेन्शियल’ असं छापलेलं असेल तर तो चाचणीचा नमुना आहे, कितीही स्वस्त मिळाला तरी नको.

खरी मेहनत कार्डात. जीटीएक्स ९७०एम, ३ जीबीचं, एनव्हिडियाने ऑक्टोबर २०१४ मध्ये आणलेलं, फर्मीनंतरच्या मॅक्सवेल पिढीतलं. ६७५एममध्ये ३८४ कुडा कोर (हिशेब करणारे छोटे भाग), यात १२८०. आणि तरीही विजेची भूक ६७५एमच्या १०० वॅटपेक्षा कमी. कार्ड बसवणं सोपं आहे, रॅमसारखं तिरकं घालून खाली दाबायचं आणि दोन स्क्रू आवळायचे. वेळ जातो तो थर्मल पॅडमध्ये, म्हणजे चिपा आणि हीटसिंक यांच्यामधल्या मऊ पट्ट्यांत. जुन्या कार्डावर मेमरीच्या चिपा जिथे होत्या तिथे नव्यावर नाहीत, त्यामुळे जुने पॅड जसेच्या तसे ठेवले तर निम्म्या चिपा हीटसिंकला टेकतच नाहीत. दादांनी सगळे पॅड खरवडून काढले, आयपीएने (साफसफाईच्या अल्कोहोलने) पुसून घेतलं, मग ब्लेडने नवे कापले : मेमरीवर अर्धा मिलिमीटर, वीज पुरवणाऱ्या भागांवर एक मिलिमीटर. हीटसिंक एकदा नुसता टेकवून परत उचलला आणि प्रत्येक पॅडवर ठसा उमटलाय का ते उजेडात धरून पाहिलं. एका कोपऱ्यातल्या चिपेवर उमटला नव्हता. तो पॅड बदलला, परत टेकवला, परत पाहिलं. मग जीपीयूवर (कार्डाच्या मुख्य चिपेवर) आर्क्टिक एमएक्स-४ पेस्टचा पातळ थर आणि चारही स्क्रू तिरप्या जोडीने, थोडे थोडे आवळले. मी या कामाची मजुरी देताना घासाघीस केली नाही ती या एका गोष्टीमुळे.

कार्ड घालायच्या आधीच त्यांनी बायोस (मशीन सुरू करणारा मूळ प्रोग्रॅम) यूईएफआय या नव्या मोडवर नेऊन ठेवलं होतं. त्यांच्या अनुभवाप्रमाणे या मशीनवर मॅक्सवेल कार्डं जुन्या, लेगसी मोडमध्ये कुरकुर करतात. म्हणजे विंडोजही नव्याने टाकावं लागतं, डेटाची कॉपी घरूनच करून न्या. विंडोजवर ड्रायव्हर सरळ बसत नाही. या लॅपटॉपसोबत ९७०एम कधी विकलंच गेलं नाही, त्यामुळे इन्स्टॉलरच्या यादीत ही जोडी नसते आणि तो ‘सुसंगत हार्डवेअर सापडलं नाही’ म्हणून थांबतो. ड्रायव्हरच्या आयएनएफ फाइलमध्ये (चालणाऱ्या कार्डांची यादी असते त्यात) कार्डाचा आयडी हाताने घालावा लागतो. फाइल बदलली की तिची डिजिटल सही मोडते, मग विंडोज चालू होताना सहीची सक्ती तेवढ्यापुरती बंद करावी लागते. लिनक्सवर यातलं काहीच नाही, मी लिनक्सचं मिंट टाकलं तर एनव्हिडियाचा ड्रायव्हर पहिल्याच फटक्यात लागला. माझं ब्लेंडरचं सगळं काम आता तिकडेच चालतं.

फरक किती? जे रेंडर रात्रभर लागायचं ते दोन तासांच्या आत होतं. हा फरक निव्वळ कार्डाचा. आता गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना मी लॅमिनेटचा रंग बदलून दाखवू शकते, व्ह्यूपोर्टमध्ये (ब्लेंडरच्या काम करायच्या खिडकीत) प्रकाश लगेच फिरतो, आणि या एका गोष्टीने माझ्या बैठका कमी झाल्या आहेत. ३ जीबीची मर्यादा मात्र आहे. मोठे टेक्स्चर भरलेले सीन मेमरीत मावत नाहीत, लाकडाचे, दगडाचे फोटो आधी लहान करून घ्यावे लागतात. ६ जीबीचं ९७०एम मिळालं तर तेच घ्या.

गेममध्ये जीटीए ५ पूर्ण एचडीत, बहुतेक सेटिंग हाय ठेवून सेकंदाला साठच्या आसपास फ्रेम देतो. विचर ३ हायवर चाळिशीत चालतो, तोही जंगलात अडखळत नाही. दोन्ही गेम पीसीवर २०१५ मध्ये आले आणि या मशीनचं खरं राज्य तिथपासून पुढची चार-पाच वर्षं. त्यानंतरच्या गेमची अपेक्षा बेताची ठेवा. रे ट्रेसिंग (प्रकाशाचे किरण मोजून चित्र काढणं) सक्तीचं असलेले गेम या कार्डावर नाहीतच. शिवाय तिसऱ्या पिढीच्या प्रोसेसरला एव्हीएक्स२ नावाच्या नव्या सूचना कळत नाहीत. काही नवे गेम त्या मागतात आणि चालूच होत नाहीत, तिथे कार्ड कितीही दमदार असो.

प्रोसेसरवर माझं मत सरळ आहे : तुमच्याकडे आधीच चार कोरचा आय७ असेल तर हा खर्च करू नका. कागदावर पंधरा टक्क्यांच्या आसपास वाढ दिसते, प्रोसेसरवर रेंडर केलं तर ती मोजताही येते, पण गेममध्ये मला ती जाणवली नाही. उलट तापमान वाढलं : जुनी चिप रेंडरमध्ये सत्तरीच्या शेवटाला राहायची, ही चिप नवी पेस्ट लावूनही ऐंशी अंशांच्या वर जाते. कार्डाचं उलटं झालं, नव्वदीत खेळणारं तापमान सत्तरीत आलं. ज्यांच्या मशीनमध्ये दोन कोरचा आय५ आहे त्यांनी मात्र चार कोरची चिप जरूर घालावी, तिथे फरक दिसतो. आणि एसएसडी अजून घातली नसेल तर प्रोसेसरचे पैसे आधी तिकडे वळवा.

खर्च असा : कार्ड साडेदहा हजार, प्रोसेसर साडेतीन हजार, पेस्ट-पॅड आणि मजुरी अडीच हजार. कार्डाला पंधरा दिवसांची बदलून देण्याची हमी मिळाली, प्रोसेसरला काही नाही. बिल हातानं लिहिलेलं. कार्ड विकत घ्यायच्या आधी दादांनी ते दुसऱ्या मशीनमध्ये घालून तापवून दाखवलं, ही अट तुम्हीही घाला. आणि कार्ड डेलच्या मापाचं आहे का तेही विचारा. दुसऱ्या कंपन्यांच्या लॅपटॉपमधून काढलेल्या कार्डांवर काही भाग अशा जागी असतात की हीटसिंकला आडवे येतात.

आयुष्याचाही हिशेब मांडून ठेवा. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ या प्रोसेसरला अधिकृतपणे घेत नाही. मॅक्सवेल कार्डांना नव्या गेमचे ड्रायव्हर त्याच महिन्यापासून बंद झाले, सुरक्षेचे सुधार ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळणार आहेत. मला तेवढी मुदत पुरते.

कुणी म्हणेल, त्यापेक्षा बदलता येणारा नवा लॅपटॉप का नाही घेतला? २०१९ चा एलियनवेअर एरिया-५१एम बदलता येणाऱ्या प्रोसेसर आणि कार्डाच्या बोलीवरच बाजारात आला होता, आणि पुढच्या पिढीचे भाग त्यात बसत नाहीत म्हणून २०२१ मध्ये अमेरिकेत दावा दाखल झाला. फ्रेमवर्क कंपनीने तिच्या १६ इंची लॅपटॉपमध्ये ग्राफिक्सचा भाग खरोखर बदलता येण्यासारखा केलाय आणि २०२५ मध्ये त्यासाठी नवं कार्डही आणलं, पण ती कंपनी भारतात विकत नाही. त्यांनी इथे दुकान उघडावं अशी माझी मनापासून इच्छा आहे.

एक राहिलं, पंखा. कारखान्यातून न आलेलं कार्ड घातलं की या मशीनचा आपोआप पंखा कधी कधी उशिरा जागा होतो. विंडोजवर एचडब्ल्यूइन्फो या तापमान दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये एलियनवेअरचे पंखे हाताने लावता येतात. मी पासष्ट अंशांना मधला वेग आणि पंचाहत्तरला पूर्ण वेग असं ठरवून दिलंय. आवाज वाढतो, शेजारच्या खोलीत ऐकू जातो, पण मला तो चालतो. गेम आणि रेंडर दोन्ही अडॅप्टर लावूनच करा, बॅटरीवर हे कार्ड अर्ध्या ताकदीनेही चालत नाही.