दोन टक्के नेमके कशाचे? फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर घरविमा आणि पूरविमा वापरल्यावर

सारासोटा परिसरात नवीन घर घेणारी मराठी कुटुंबं हल्ली बऱ्याचदा फोन करतात आणि पहिला प्रश्न प्रीमियमचा विचारतात. मी त्यांना आधी हरिकेन डिडक्टिबल, म्हणजे हरिकेनच्या नुकसानीत कंपनीच्या आधी आपल्या खिशातून जाणारी रक्कम, बघायला सांगते, तेही टक्क्यात नाही, डॉलरमध्ये. २०२४ च्या मोसमात आमच्या भागाला ऑगस्टमध्ये डेबी, सप्टेंबरच्या शेवटी हेलीन आणि ऑक्टोबरमध्ये मिल्टन अशी तीन वादळं लागोपाठ भोगावी लागली. आमच्या दोन्ही पॉलिसी त्या काळात खऱ्या अर्थाने वापरल्या गेल्या. पुढचे कित्येक महिने कागदपत्रं चालू होती. आता सगळे पैसे आले आहेत, दुरुस्ती संपली आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

आमच्याकडे दोन वेगळे विमे आहेत. घराचा विमा एका खासगी कंपनीचा. पुराचा विमा केंद्र सरकारच्या राष्ट्रीय पूरविमा कार्यक्रमातला, जो १९६८ पासून चालू आहे. इथल्या घराच्या विम्यात पूर धरलेला नसतो. आभाळातून पडलेलं पाणी रस्त्यावर साठून दारातून आत आलं की विम्याच्या भाषेत तो पूर, मग समुद्र कितीही लांब असो. आमचं घर सक्तीच्या पूरक्षेत्रात येत नाही, त्यामुळे बँकेने पूरविमा मागितलाच नव्हता. तरी घेतला, आणि मोसमाच्या खूप आधी घेतला. सर्वसाधारणपणे तो लागू व्हायला ३० दिवस लागतात. वादळाचं नाव बातम्यांत आल्यावर धावपळ करून उपयोग नसतो. घरविम्याच्या कंपन्याही इशारा जारी झाला की नवीन पॉलिसी देणं थांबवतात.

आता डिडक्टिबलकडे येते, कारण सगळे वाद तिथेच होतात. इतर कारणांनी नुकसान झालं तर आमच्या पॉलिसीत पहिले २,५०० डॉलर आपले. हरिकेनसाठी मात्र वेगळा नियम, २ टक्के. हे २ टक्के नुकसानीचे नाहीत, घराच्या विमा रकमेचे आहेत. आमची रक्कम ४,००,००० डॉलर, म्हणजे पहिले ८,००० डॉलर आपल्या खिशातून. ‘नुकसान १०,००० चं झालं तर २ टक्के म्हणजे २०० डॉलर’ असा हिशेब मनात धरून बसलेली शिकली-सवरलेली माणसं मी पाहिली आहेत. फ्लोरिडात हा आकडा डॉलरमध्ये पॉलिसीच्या डिक्लेरेशन पानावर, म्हणजे मुख्य रकमांचा गोषवारा असलेल्या पानावर, छापणं बंधनकारक आहे. ते पान काढून बघा. १९९२ च्या अँड्र्यू वादळानंतर कंपन्यांनी ही टक्क्यांची पद्धत आणली आणि तेव्हापासून किनाऱ्यावरच्या घरमालकांवरचा बोजा वाढलाच आहे.

डेबीचा अनुभव मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. डेबी ५ ऑगस्टला किनाऱ्याला लागलं ते आमच्यापासून बरंच उत्तरेला, स्टाइनहॅचीजवळ. आमच्याकडे हरिकेनचा वारा नव्हताच. होता तो पाऊस, रात्रभर धो धो, नाले भरून रस्त्यावर आलेले. आमच्या गॅरेजमध्ये पाणी शिरलं आणि छपरावरचे काही शिंगल्स (कौलांसारखे पातळ तुकडे) उचकटून एका खोलीचं छत गळलं. छताच्या दुरुस्तीला २,५०० डॉलरच्या थोडं वर नुकसान धरलं गेलं, नेमके २,६००. आम्हाला वाटलं, आपल्याकडे हरिकेन आलंच नाही, तेव्हा साधं डिडक्टिबल लागेल. कंपनीने हरिकेन डिडक्टिबल लावलं आणि शून्य डॉलर दिले.

राग आला, पण कायदा वाचल्यावर कंपनी बरोबर निघाली. फ्लोरिडाच्या कायद्यात हरिकेनचा काळ राज्याच्या कोणत्याही भागासाठी हरिकेनचा वॉच (शक्यतेची सूचना) किंवा वॉर्निंग (पक्का इशारा) निघाल्यापासून सुरू होतो आणि शेवटचा इशारा मागे घेतल्यावर ७२ तासांनी संपतो. इशारा आपल्या काउंटीसाठी (जिल्ह्यासाठी) होता की शेकडो मैल लांबच्या किनाऱ्यासाठी, याला महत्त्व नाही. राष्ट्रीय हरिकेन केंद्राने त्या वादळाला हरिकेन घोषित केलं असलं की झालं. इथल्या लोकांना ही गोष्ट अन्यायाची वाटते आणि मलाही वाटते. ज्या घरावर हरिकेनचा वारा आलाच नाही, त्याने हरिकेनचा भुर्दंड का सोसायचा?

पैसे मिळणार नाहीत हे कळल्यावरही आम्ही तो क्लेम नोंदवून ठेवला, फोटो आणि बिलं जपली. त्याचं कारण याच कायद्यातली दुसरी बाजू. २००४ मध्ये चार्ली, फ्रान्सिस, आयव्हन आणि जीन अशी चार हरिकेन्स एकाच मोसमात फ्लोरिडात आली आणि काही घरांना डिडक्टिबल पुन्हा पुन्हा भरावं लागलं. त्यानंतर राज्याने नियम बदलला. आता हरिकेन डिडक्टिबल कॅलेंडर वर्षाला एकदाच पूर्ण करायचं असतं. पहिल्या वादळात जेवढं नुकसान आपण सोसलं, तेवढं पुढच्या वादळाच्या डिडक्टिबलमधून वजा होतं. मात्र कंपनी म्हणू शकते की ते लहान नुकसान तुम्ही कळवलेलं असलं पाहिजे किंवा त्याच्या पावत्या दाखवल्या पाहिजेत. ‘डिडक्टिबलच्या आतलंच आहे, कशाला कळवायचं’ म्हणून सोडून देणारे इथेच हजारो डॉलर गमावतात.

गॅरेजच्या पाण्यासाठी पूरविमा वापरला. अनुभव एकूण चांगला. पाणी शेजारच्या घरातही शिरलं होतं, त्यामुळे पुराच्या व्याख्येवरून वाद झाला नाही. व्याख्येप्रमाणे पाणी एरवी कोरड्या असलेल्या दोन एकर जमिनीवर किंवा दोन मालमत्तांवर पसरलेलं असावं लागतं. भिजलेलं ड्रायवॉल (भिंतीवरच्या जिप्समच्या पाट्या) खालून कापून काढलं, त्याचे पैसे आले. पण वास्तूचं डिडक्टिबल वेगळं आणि सामानाचं वेगळं, हे दोन्ही स्वतंत्र कापले जातात. सामानाची भरपाई घसारा वजा करूनच मिळते, त्यामुळे गॅरेजमधल्या जुन्या वस्तूंचे जवळजवळ काहीच आले नाही. आणि घर राहण्याजोगं नसेल तर हॉटेलचा खर्च हा कार्यक्रम देत नाही. प्रूफ ऑफ लॉस हा सही केलेला हिशेब साधारण ६० दिवसांत द्यावा लागतो. तो ॲडजस्टर, म्हणजे नुकसान मोजायला आलेला माणूस, भरून देईल म्हणून थांबू नका.

हेलीनने समुद्राचं पाणी बेटांवरच्या घरांत घातलं, आम्ही वाचलो. मग ९ ऑक्टोबरला मिल्टन सिएस्टा कीजवळ तिसऱ्या श्रेणीचं हरिकेन म्हणून धडकलं. सेंट पीटर्सबर्गमध्ये १८ इंचांहून जास्त पाऊस झाला. आमच्या छपराचा एक पट्टा उघडा पडला आणि दोन खोल्यांचं छत खाली आलं. वाऱ्याने छपराला भगदाड पाडलं आणि त्यातून पाऊस आत आला, तर घरविमा आतलं नुकसान देतो. खिडकीच्या फटीतून वाऱ्याने आत रेटलेलं पाणी देत नाही. आमच्या एका खोलीची लाकडी जमीन अशाच पाण्याने फुगली, तो भाग नाकारला गेला. पॉलिसीत तसं स्पष्ट लिहिलेलं होतं.

खरा वाद मिल्टनच्या पहिल्या हिशेबात झाला. कंपनीने पुन्हा पूर्ण ८,००० कापले, जणू डेबी झालंच नाही. शिवाय छपराचा बराचसा भाग ‘जुनी झीज’ म्हणून बाजूला काढला. आम्ही डेबीचा क्लेम क्रमांक, बिलं आणि डिक्लेरेशन पान जोडून लेखी पत्र पाठवलं. नियमाप्रमाणे ८,००० मधून २,६०० वजा, उरले ५,४००. ही रक्कम २,५०० च्या साध्या डिडक्टिबलपेक्षा मोठी, म्हणून तीच कापली पाहिजे. फोनवर मिळणारी माणसं दर वेळी वेगळी, दर वेळी पहिल्यापासून सांगायचं. लेखी पत्रानंतरच उत्तरं नीट येऊ लागली. झिजेच्या मुद्द्यावर आमच्याकडे विंड मिटिगेशन तपासणीचा, म्हणजे घर वाऱ्याला किती टिकेल हे बघणाऱ्या तपासणीचा, अहवाल होता, छपराच्या फोटोंसह, वादळांच्या आधीचा. तो नसता तर आमचं म्हणणं आम्ही कसं सिद्ध केलं असतं, मला कळत नाही.

तरी आकडा जुळेना, तेव्हा राज्याच्या वित्तीय सेवा विभागाकडे मध्यस्थी मागितली. घरांच्या क्लेमसाठी तिचा खर्च विमा कंपनीला द्यावा लागतो. पत्र गेल्यावर बैठकीच्या आधीच कंपनीने डेबीचे २,६०० मान्य केले, छपराचा आकडाही वाढवला. आम्ही मागितलं होतं तेवढा नाही, पण दुरुस्ती पूर्ण होण्याइतका. २०२२ च्या अखेरीस झालेल्या कायद्यामुळे कंपनीने ६० दिवसांत पैसे द्यावेत किंवा नकार द्यावा, असं आहे. त्याच बदलात घरमालकाने क्लेम करण्याची मुदत मात्र एका वर्षावर आली, आणि कोर्टात जिंकल्यावर वकिलाचा खर्च कंपनीकडून मिळण्याची सोयही गेली. त्यामुळे मध्यस्थी हाच सामान्य माणसाला परवडणारा मार्ग उरला आहे.

वादळानंतर दारोदार फिरणाऱ्या पब्लिक ॲडजस्टरबद्दलही सांगते, म्हणजे टक्केवारी घेऊन घरमालकाच्या बाजूने क्लेम लढवणाऱ्यांबद्दल. आणीबाणी जाहीर झालेल्या घटनेच्या क्लेमवर पहिल्या वर्षात त्यांना १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. आमच्या मंडळातले एक काका जास्त दराच्या करारावर सही करायला निघाले होते. मी म्हटलं, “काका, सही नका करू, आधी राज्याच्या विभागाला फोन करा.” त्यांनी केला, आणि तो करार झाला नाही.

पूरविमा मी कुणालाही घ्यायला सांगेन, सक्तीच्या क्षेत्राबाहेर राहणाऱ्यांना तर आवर्जून. घरविम्याच्या कंपनीबद्दल मत मिश्र आहे. पॉलिसी चांगली, क्लेम विभाग थकवणारा. नूतनीकरणाच्या वेळी घराची विमा रक्कम वाढवून आली, म्हणजे २ टक्के तेच राहूनही आमचा वाटा वाढला. एजंटने प्रीमियम उतरवायला ५ टक्क्यांचा पर्याय सुचवला. वाचणारे पैसे आणि एका वादळात द्यावे लागणारे २०,००० हून जास्त डॉलर समोरासमोर मांडले आणि नको म्हटलं. कंपनी बदलायचा विचार आहे, पण मोसमाच्या मध्ये नाही. वर्षाच्या मध्येच दुसऱ्या कंपनीकडे गेलो तर आधीच्या वादळात सोसलेलं नुकसान तिथे मोजलं जात नाही. म्हणून जे काही करायचं ते १ जानेवारीच्या सुमारास.