आमदारांचं महिन्याचं अपडेट: उपयोगी आहे, चार स्टार

पुण्यात आमच्या भागातले आमदार (नाव मुद्दामच घेत नाही) कोविडनंतर दर महिन्याला व्हॉट्सअ‍ॅपवर एक पत्रक पाठवतात, दीडेक वर्ष वाचतेय म्हणून लिहिते. आधी वाटायचं वाढदिवसाचे फोटो नि फ्लेक्सबाजीच असणार, पण तसं नाहीये. फेरीवाल्यांसाठी २०२० ला सुरू झालेली स्वनिधी योजना त्यात इतकी नीट समजावलेली की आमच्या कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या मावशींना मीच वाचून दाखवलं, तेव्हा, म्हणजे २०२५ च्या बदलाआधी, पहिलं कर्ज १० हजारांचं होतं, वेळेत फेडलं की २० हजार, मग ५० हजार, व्याजात ७ टक्के सवलत, आणि ओळखपत्र नसेल तर शिफारसपत्र कुठून आणायचं तेपण. मावशींनी त्यातून नवा वजनकाटा घेतला, त्यावर अजून प्लास्टिक तसंच आहे, काढूच देत नाहीत कुणाला!

सुरक्षेचं पान तर फ्रीजवर चिकटवलंय. अडचण आली की ११२, ऑनलाइन फसवणूक झाली की लगेच १९३०, कारण पैसे पुढे सरकायच्या आत कळवलं तर अडवता येतात. हे आईबाबांना माहीतच नव्हतं.

एक स्टार कापला कारण बंद पथदिव्यांबद्दल ऑफिसला तीनदा फोन केला, दरवेळी "साहेब मीटिंगमध्ये आहेत". आणि किती कामं झाली ते छापतात, किती राहिली ते पण छापा ना, आम्हाला तेच हवंय. क्लासवरून पोरी रात्री त्याच अंधाऱ्या गल्लीतून येतात हो.