मस्टँग, कॅमेरो की शेव्हेल? रेस्टोमॉडसाठी गाडी निवडताना

गेल्या गणपतीत इथल्या, अमेरिकेतल्या, मराठी मंडळाचा कार्यक्रम संपल्यावर पार्किंगमध्ये एका मित्राने फोन पुढे केला. तीन जाहिराती होत्या: १९६७ची मस्टँग फास्टबॅक (छत मागे उतरतं गेलेली), १९६९ची कॅमेरो आणि १९६९चीच शेव्हेल. यातली एक घेऊन तिच्यात आजचं फ्युएल इंजेक्शनचं इंजिन, डिस्क ब्रेक आणि एसी बसवायचा, बाहेरून मात्र ती साठच्या दशकातलीच दिसली पाहिजे, असं त्याच्या मनात आहे. यालाच रेस्टोमॉड म्हणतात. त्याचा पहिला प्रश्न होता, "सगळ्यात दणकट इंजिन कुठल्या गाडीत बसेल?"

तिन्हींत बसेल. पैसे मोजले की इंजिन खोक्यातून घरी येतं. सरळ, न कुजलेली बॉडी तशी सहज मिळत नाही. नव्या इंजिनासाठी त्या बॉडीला किती कापावं लागणार, यावर तुमचा खर्च आणि पुढची दोन-तीन वर्षं ठरतात. म्हणून मी ही तुलना खालून वर करतो, आधी सांगाडा आणि मग इंजिन.

काटेकोरपणे बघितलं तर मस्टँग आणि कॅमेरो या 'पोनी कार', म्हणजे आटोपशीर स्पोर्टी गाड्या, आणि शेव्हेल ही खरी मसल कारच्या, म्हणजे मध्यम आकारात मोठं इंजिन घातलेल्या गाड्यांच्या कुळातली. पण बांधणाऱ्याच्या दृष्टीने महत्त्वाचा फरक वेगळाच आहे. मस्टँगला स्वतंत्र चेसिस नाही, पत्र्याची बॉडी हाच तिचा सांगाडा. कॅमेरो अर्धीमुर्धी आहे: मागचा भाग मस्टँगसारखा, पुढे मात्र बोल्टने जोडलेली वेगळी सबफ्रेम, म्हणजे फक्त पुढच्या भागापुरती चेसिस. शेव्हेलला खाली पूर्ण चेसिस आहे आणि बॉडी तिच्यावर ठेवून बोल्टने आवळलेली आहे.

मस्टँग

मस्टँग १७ एप्रिल १९६४ला न्यूयॉर्कच्या जागतिक मेळ्यात लोकांसमोर आली. ती फोर्डच्या स्वस्त फाल्कन गाडीच्या पायावर उभी होती, आणि तिच्या अडचणी तिथूनच येतात. पुढच्या सस्पेन्शनची स्प्रिंग वरच्या आर्मवर बसते आणि तिला धरायला इंजिनाच्या दोन्ही बाजूंना पत्र्याचे उंच बुरूज आहेत. त्यांना शॉक टॉवर म्हणतात. १९६७मध्ये फोर्डने ३९० घन इंचाचं मोठं इंजिन बसावं म्हणून गाडी रुंद केली, पण टॉवर राहिलेच.

आजचं फोर्डचं कोयोट इंजिन पाच लिटरचं आहे. त्याचे चार कॅमशाफ्ट वरच्या हेडमध्ये असल्यामुळे ते फोर्डच्या जुन्या ३०२ घन इंचाच्या इंजिनापेक्षा बरंच रुंद आहे. टॉवर कापल्याशिवाय, निदान मोठे फेरफार केल्याशिवाय, ते जुन्या मस्टँगमध्ये बसत नाही. टॉवर कापला की सस्पेन्शनचा भार दुसरीकडे न्यावा लागतो. त्यासाठी सत्तरच्या दशकातल्या मस्टँग-टूच्या धर्तीवरचे किंवा त्याहून चांगले क्रॉसमेंबरचे, म्हणजे पुढचं सस्पेन्शन पेलणाऱ्या आडव्या तुळईचे, किट मिळतात, पण ते वेल्ड करणाऱ्याचा हात पक्का हवा. हे वेल्डिंग चुकलं तर हायवेवर पुढची चाकं कुठे तोंड करतील सांगता येत नाही. माझं मत स्पष्ट आहे: ज्याने आजवर फक्त गेटचं वेल्डिंग केलंय, त्याने मस्टँगमध्ये कोयोट घालू नये.

त्यापेक्षा एक मधला रस्ता मला मनापासून आवडतो. ३०२चं घराणं फोर्डने मस्टँगमध्ये १९९५पर्यंत आणि एक्सप्लोरर एसयूव्हीमध्ये २००१पर्यंत चालवलं. ते इंजिन जुन्या जागेत टॉवरला हात न लावता बसतं. त्यावर फ्युएल इंजेक्शन आणि मागे ट्रेमेक कंपनीचा पाच गिअरचा टीकेएक्स बॉक्स लावला, तर मस्टँग रोज चालवता येईल इतकी सुधारते. ताकद कोयोटपेक्षा कमी, पण कापाकापीही जवळपास नाही.

आता गंजाबद्दल, कारण मस्टँगमध्ये हा विषय इंजिनापेक्षा मोठा आहे. पुढच्या काचेच्या पायथ्याशी, बॉनेट संपतं तिथे, हवा आत घ्यायची जाळी असते. तिच्या खाली पत्र्याची बंद पोकळी आहे. त्यात पानं साठतात, पाणी तुंबतं आणि पत्रा आतून कुजतो. बाहेरून काहीही दिसत नाही. मी माझी मस्टँग बघायला गेलो तेव्हा लाल रंग आरशासारखा चमकत होता. विकणाऱ्याची परवानगी घेऊन मी अर्धी बादली पाणी त्या जाळीवर हळूहळू ओतलं आणि आत वाकून टॉर्च मारला. डॅशबोर्डखालून आधी एक थेंब, मग सलग धार ड्रायव्हरच्या पायांपाशी पडू लागली. पाण्याचा रंग फिक्या चहासारखा होता. कार्पेट उचललं तर खाली जुन्या फरशीवर रिव्हेट मारून चिकटवलेला नवा पत्रा आणि त्यावर डांबर. भाव उतरवून मी गाडी घेतली, पण ती पोकळी उघडून बदलायला, म्हणजे शेकडो स्पॉट वेल्ड ड्रिलने सोडवून वरचा पत्रा काढायला, मला एक पूर्ण हिवाळा लागला.

आणखी एक गोष्ट सुरक्षिततेची. या मस्टँगमध्ये पेट्रोलच्या टाकीचा वरचा पत्रा हाच डिकीचा तळ असतो. मागून जोरात ठोकर बसली तर पेट्रोल केबिनकडे यायला फारसा अडथळा नाही. डिकी आणि मागची सीट यांच्यामध्ये पोलादी पडदा बसवणं हे माझ्या यादीत इंजिनाच्या आधी येतं. आणि १९६६ किंवा त्याआधीची गाडी असेल तर ब्रेकचा मास्टर सिलिंडर एकाच कप्प्याचा असतो. एक पाइप फुटला की चारही चाकांचे ब्रेक गेले. तो पहिल्याच आठवड्यात बदला.

कॅमेरो

जनरल मोटर्सच्या शेव्हरोलेची कॅमेरो सप्टेंबर १९६६च्या शेवटी बाजारात आली, मस्टँगला उत्तर म्हणून. १९६७ ते १९६९ ही तिची पहिली पिढी. पुढची सबफ्रेम चार मुख्य बोल्टवर, मध्ये रबर घालून, बॉडीला जोडलेली आहे. याचा अर्थ असा की इंजिन, गिअरबॉक्स, स्टिअरिंग आणि पुढचं सस्पेन्शन हे सगळं एकत्र खाली उतरवता येतं आणि त्या जागी नवी सबफ्रेम बोल्टनेच बसते. डेट्रॉईट स्पीडसारख्या कंपन्या अशा तयार सबफ्रेम बनवतात, आजच्या भूमितीच्या आणि रॅक-अँड-पिनियन स्टिअरिंगच्या. इथे वेल्डिंग मशीनला हात न लावता जेवढा बदल घडतो, तेवढा मस्टँगमध्ये घडत नाही.

बॉडीचा पुढचा आणि मागचा भाग रबरावर जोडलेला असल्यामुळे जुनी कॅमेरो खड्ड्यांत अंग मुरडते. त्यावर उपाय म्हणजे रबराच्या जागी अॅल्युमिनियमचे बुश आणि सबफ्रेमपासून मागच्या रेलपर्यंत दोन जोडपट्ट्या. मागे पाट्यांचं सस्पेन्शन आहे, आणि १९६७च्या गाड्यांत तर एकेकच पाटा. जोरात निघताना मागचा अॅक्सल थडथड उड्या मारायचा. १९६८मध्ये शेव्हरोलेने एक शॉक अॅब्सॉर्बर अॅक्सलच्या पुढे आणि दुसरा मागे लावून तो दोष बराच कमी केला.

इंजिनाच्या बाबतीत कॅमेरोवाल्यांचं नशीब थोर आहे. जनरल मोटर्सचं एलएस घराणं १९९७च्या कॉर्व्हेटपासून सुरू झालं. कॅमशाफ्ट ब्लॉकमध्येच असल्याने हे इंजिन आटोपशीर आहे, आणि अॅल्युमिनियमचं एलएस शेव्हरोलेच्या जुन्या बिडाच्या 'स्मॉल ब्लॉक' व्ही-८पेक्षा शंभर पौंडांहून जास्त हलकं. सबफ्रेम जुनी ठेवली तरी इंजिन माउंटला जोडपट्ट्या आणि वेगळ्या आकाराचा ऑइल सम्प लावून ते बसतं. नवं ४३० हॉर्सपॉवरचं एलएस३ परवडत नसेल तर भंगारातल्या सिल्व्हराडो पिकअप किंवा टाहो एसयूव्हीमधलं ५.३ लिटरचं इंजिन घ्या. ते फार टिकाऊ आहे आणि त्याचे सुटे भाग अमेरिकेतल्या कुठल्याही गावात मिळतात.

गंज बघायचा तो मागच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यांत आणि डिकीत. छतावर व्हिनाइल असेल तर संशय दुप्पट धरा, कारण त्याखाली ओल धरून राहते. रुमालात गुंडाळलेलं लोहचुंबक मागच्या मडगार्डवरून फिरवा. ते जिथे सुटून पडेल तिथे पत्रा नाही, लांबी (पुटी) भरलेली आहे.

शेव्हेल

हीही शेव्हरोलेचीच. हिच्याबद्दल लोक कमी बोलतात, पण पहिल्यांदा गाडी बांधणाऱ्याला मी हिचं नाव सुचवतो. १९६८ ते १९७२ची दोन दारांची शेव्हेल ११२ इंच व्हीलबेसची, म्हणजे बाकी दोघींपेक्षा चार इंच लांब. इंजिनाची जागा ऐसपैस. मागे कंपनीतूनच अॅक्सल धरणाऱ्या चार दांड्या (लिंक) आणि कॉइल स्प्रिंग. मागच्या सीटवर माणसं खरोखर बसतात. कॅमेरोत मागे दहा वर्षांची मुलंही अवघडून जातात.

बॉडी चेसिसवरून उचलता येते, हा मोठा फायदा. चेसिस एका कोपऱ्यात, बॉडी दुसऱ्या कोपऱ्यात, आणि दोन्हींवर आपल्या वेळेनुसार काम. पैसे असतील तर आर्ट मॉरिसन किंवा रोडस्टर शॉपची तयार चेसिस आणून त्यावर बॉडी ठेवता येते. बहुतेक जुन्या कूपेंमध्ये चेसिसच्या बाजूच्या रेलचा मधला भाग बंद पेटीसारखा नसून सी आकाराचा उघडा असतो, त्यामुळे मोठ्या इंजिनाखाली तो पिळतो. तो भाग पट्ट्या वेल्ड करून बंद करतात.

खोट कुठे? वजन जास्त. नवे पत्रे मिळतात, पण मस्टँग आणि कॅमेरोइतकी रेलचेल नाही. आणि मिशिगन-ओहायोत हिवाळ्यात रस्त्यांवर टाकतात त्या मिठाने मागच्या अॅक्सलच्या वरची चेसिसची कमान हमखास खाल्लेली असते. तिथे स्क्रू-ड्रायव्हरचं टोक जोरात दाबा. आत गेलं तर दुसरी गाडी बघा, शक्यतो कोरड्या अॅरिझोनाकडची.

डॉज चार्जर मी तुलनेत घेतलीच नाही. रूप देखणं आहे, पण पुढे टॉर्शन बारचं, म्हणजे स्प्रिंगऐवजी पिळणाऱ्या दांड्यांचं, सस्पेन्शन आणि बाजारातला भाव यामुळे ती पहिल्या कामाची गाडी नव्हे.

कुठली गाडी कापू नये

खरी शेल्बी किंवा बॉस मस्टँग, झेड/२८ कॅमेरो, एसएस ४५४ शेव्हेल अशी खास आवृत्ती हाती लागली तर ती मूळ रूपातच दुरुस्त करा. अशा गाडीचं मूळ इंजिन काढून फेकणं मला पटत नाही, आणि किमतीतही फटका बसतो. रेस्टोमॉडला सहा सिलिंडरची किंवा साध्या व्ही-८ची गाडी घ्यावी. मस्टँगच्या व्हीआयएनमध्ये, म्हणजे गाडीच्या ओळख क्रमांकात, पाचवं अक्षर इंजिनाचं असतं. १९६७च्या गाडीत ते 'टी' असेल तर सहा सिलिंडर, 'सी' असेल तर साधं २८९ घन इंचाचं, 'के' असेल तर खास जास्त ताकदीचं २८९, तेव्हा हत्यारं खाली ठेवा. शेव्हेलमध्ये १९६९पासून एसएस हे फक्त पर्यायी पॅकेज झालं, त्यामुळे व्हीआयएनवरून एसएस सिद्ध होत नाही. नुसत्या बिल्ल्याचे जास्त पैसे देऊ नका.

जुन्या आकड्यांनीही हुरळून जाऊ नका. १९७०च्या शेव्हेलमधलं एलएस६ (आजच्या एलएस घराण्याशी फक्त नावाचं साम्य) कागदावर ४५० हॉर्सपॉवरचं होतं, पण तो ग्रॉस आकडा: इंजिन टेबलावर, गाडीतला एक्झॉस्ट आणि इतर बोजा न लावता मोजलेला. १९७२पासून नेट मोजणी आली. आजच्या एलएस३चे ४३० नेट आहेत.

खर्चाचं गणित सोपं आहे. नवं इंजिन दहा हजार डॉलरच्या आसपास. त्यामागे इंजेक्शनला लागणारी टाकीतली पंप आलीच, कारण कार्बोरेटरला पेट्रोलचा पाच-सात पीएसआय दाब पुरत होता आणि एलएसला साधारण ५८ लागतात. मग गिअरबॉक्स, रेडिएटर, अख्खं वायरिंग. पण खरा पैसा तासांत जातो. नावाजलेल्या वर्कशॉपमध्ये पूर्ण गाडीला हजार तास सहज लागतात. तासाला शंभर डॉलर धरले तर मजुरीच एक लाख डॉलर होते. पत्रा जितका चांगला, तितके हे तास कमी.

काही जण विचारतात, बांधून झाली की पुण्याला नेता येईल का? तो विचार सोडा. भारतातल्या व्हिंटेज नोंदणीला पन्नास वर्षांपुढची गाडी चालते, पण मूळ रूपातली. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ने मूळ रचनेतले बदल रोखलेत आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९मध्ये ते उचलून धरलं. इथे मात्र कॅलिफोर्नियासारख्या कडक राज्यातही १९७५ आणि त्याआधीच्या पेट्रोल गाड्यांना स्मॉग (धुराची) चाचणी माफ आहे.

मित्राला दोन मुलं आहेत, गॅरेज दोन गाड्यांचं आहे, वेल्डिंग तो आता शिकतोय. एकटा असता आणि वळणांचे रस्ते हेच वेड असतं तर मी कॅमेरो म्हटलं असतं. फास्टबॅकच्या त्या पाठीवर जीवच जडला असता तर मस्टँग म्हटलं असतं, ३०२ ठेवून. त्याला मी शेव्हेल सांगितली. जाहिरातीतली गाडी ओहायोतल्या टोलेडोजवळ आहे आणि शनिवारी सकाळी आम्ही निघतोय. जॅक आणि टॉर्च तो आणणार आहे, लोहचुंबक, लांब स्क्रू-ड्रायव्हर आणि बादली मी.