शहराचा नकाशा: जनरेटरने काढायचा की हाताने मांडायचा?

डंजन्स अँड ड्रॅगन्ससारख्या खेळात, कॅम्पेनमधली (म्हणजे बरेच दिवस चालणाऱ्या गोष्टीतली) पार्टी, म्हणजे प्लेयरच्या पात्रांची टोळी, जंगल सोडून मोठ्या शहरात शिरणार असेल तर डीएमला, म्हणजे गोष्ट चालवणाऱ्या डंजन मास्टरला, नकाशाचा प्रश्न पडतोच. एक पर्याय म्हणजे वाटाबू या डेव्हलपरचा, शहराचा नकाशा आपोआप काढून देणारा मेडिवल फँटसी सिटी जनरेटर (हो, पिक्सेल डंजन हा गेम बनवणारा तोच वाटाबू), दुसरा म्हणजे घरं, झाडं, बुरूज एकेक उचलून ठेवायचं सॉफ्टवेअर. दुसऱ्यातलं पैसे देऊन घेतलेलं एक मी बराच काळ वापरलंय, नाव सांगत नाही कारण त्या जातीची बरीचशी सारखीच वागतात.

दिसायला हातचा नकाशा जिंकतो, त्यात वादच नाही. लाकडी छपरं, झाडांच्या सावल्या, धक्क्याला लागलेली गलबतं, स्क्रीन शेअर केली की सगळे एकदम "अरे वा" करतात. त्यापुढे जनरेटरचं शहर कोरडं वाटतं, नुसत्या रेघा आणि चौकटी.

मला नडलं ते रस्ता हलवताना. हातच्या सॉफ्टवेअरमध्ये घर म्हणजे एक शिक्का, शेजारून रस्ता जातोय हे त्या घराला माहीतच नसतं. वळणाच्या गल्लीला दोन्ही बाजूंनी घरं लावायची तर प्रत्येक घर उचला, फिरवा, जरा मागे घ्या, मग छप्पर शेजारच्यात घुसलं म्हणून परत पुढे आणा. एवढं सगळं झाल्यावर तुम्हाला सुचतं की वेशीकडचा रस्ता जरा डावीकडे हवा होता कारण तिथे अँबुश (दबा धरून हल्ला) ठेवायचाय, आणि रस्ता सरकवला की घरं जागच्या जागी, भर रस्त्यात उभी! मग पुन्हा एकेक. माझं तर असं झालं की घरं हलवायचा कंटाळा म्हणून मी अँबुशच दुसऱ्या गल्लीत नेला, म्हणजे गोष्ट नकाशाच्या सोयीने चालायला लागली, आणि तिथे माझं मन त्यातून उडालं.

जनरेटर उलट्या बाजूने येतो. आधी बिंदू टाकतो, त्यांचे व्होरोनॉय तुकडे पाडतो (ज्या बिंदूला जी जागा सर्वात जवळ ती त्याच्या तुकड्यात), मधल्या तुकड्यांभोवती तटबंदी घालतो, वेशींपासून आत रस्ते काढतो, आणि मग एकेक तुकडा कापत कापत घरांपर्यंत येतो. त्यामुळे घर मुळातच गल्लीला धरून निघतं. वॉर्प या त्यातल्या नकाशा ओढायच्या साधनाने थोडं ओढलं तर वस्ती सोबत सरकते. जुन्या आवृत्तीचा हॅक्स (Haxe) या प्रोग्रॅमिंग भाषेतला कोड गिटहबवर खुला आहे, तो चाळताना मला गंमत वाटली ती वॉर्डांना जागा कशा मिळतात त्याची: व्यापारी मध्याजवळ, झोपडपट्टी मध्यापासून लांब, आणि बड्या लोकांची वस्ती शक्यतो बागेला लागून पण झोपडपट्टीला खेटून नको. प्लेयरने मध्येच विचारलं की इथला सर्वात गब्बर सावकार कुठे राहतो, तर नकाशाकडे बघून उत्तर देता येतं, आणि ते पटतंही.

खोट नाही असं नाही. चढउतार हा प्रकारच नाही, त्यामुळे डोंगरउतारावरचं शहर हवं असेल तर ते तोंडानेच सांगावं लागतं. बरीच शहरं काढली की चेहरे सारखे वाटायला लागतात, निदान मला तरी. आणि मारामारीत पात्रं हलवायच्या चौकटींच्या ग्रिडसाठी याचा काही उपयोग नाही, खानावळीच्या आत काय आहे ते यात दिसणार नाही, तिथे हातचं सॉफ्टवेअरच बरं. आधुनिक, चौकोनी ब्लॉकचं शहर हवं असेल तर प्रोबेबलट्रेन या डेव्हलपरचा टेन्सर फील्डवाला (म्हणजे रस्त्यांच्या दिशा गणिताने ठरवणारा) जनरेटर बघा, पण त्यात तटबंदी, वेशी वगैरे शोधू नका.

तुमचे प्लेयर ठरलेल्या वाटेनेच जाणारे असतील आणि तुम्हाला चित्र काढण्यातच मजा येत असेल, तर हाताने मांडा, मी अडवणार नाही. माझे प्लेयर मात्र सरदाराच्या वाड्याचं आमंत्रण सोडून चांभाराच्या मागच्या बोळात घुसणारे आहेत, आणि तो बोळ जनरेटरने आधीच काढून ठेवलेला असतो. अख्ख्या जगाचा नकाशा अझगार या डेव्हलपरच्या फँटसी मॅप जनरेटरमध्ये केला असेल तर अजूनच सोपं, तिथल्या गावावर क्लिक करून वाटाबूचं शहर उघडता येतं.

लिंकमध्ये सीड (ज्यावरून तेच शहर पुन्हा निघतं तो आकडा) असतो म्हणून फक्त लिंक जपून ठेवू नका, पुढे जनरेटरच बदलला तर तेच शहर परत मिळेल याची खात्री कोण देणार? आवडलं की लगेच एसव्हीजी, म्हणजे नंतर बदलता येणारी चित्राची फाइल, उतरवायची. मी ती इंकस्केप या चित्रकामाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून वर मराठी नावं टाकतो, कासारआळी, घोडेबाजार, जुनी वेस असली, आणि डीएमची प्रत वेगळी ठेवतो कारण चोरवाटा त्यावरच काढलेल्या असतात.