सॅन अँटोनियो आणि स्पर्स: एका सीझनच्या वापरानंतर, मुख्यतः पार्किंगबद्दल

पार्किंगच्या ॲपवाल्यांचं शेवटचं उत्तर काल आलं. पैसे परत नाहीत, 'क्रेडिट' मिळेल, आणि तीन महिन्यांत वापरलं नाही तर तेही बुडालं. ज्या मॅचचं हे पार्किंग होतं ती जानेवारीतली. मधल्या काळात टीमचा कोच बदलला, आमच्या पोराच्या बुटांचा नंबर दोनदा बदलला, यांचं उत्तर मात्र आत्ता आलं. डोकं गरम आहे तोवर लिहून टाकतो. सॅन अँटोनियो बघायला येणाऱ्यांना आणि इथे राहून स्पर्सच्या, म्हणजे इथल्या बास्केटबॉल टीमच्या, नादी लागलेल्यांना उपयोग होईल. अलामो म्हणजे टेक्सासच्या स्वातंत्र्यलढ्यातली प्रसिद्ध लढाई झाली ते जुनं स्पॅनिश चर्च, आणि स्पर्सनी एनबीए, म्हणजे अमेरिकेतली व्यावसायिक बास्केटबॉल लीग, पाच वेळा जिंकलीय, एवढं ठाऊक असलं तरी पुरे.

झालं असं. दोन दिवस आधी ॲपवर जागा बुक केली, पैसे भरले. मॅचच्या दिवशी लॉटच्या तोंडाशी पोचलो तर स्कॅनर घेतलेला पोरगा म्हणाला, हा कोड आधीच वापरला गेलाय. मागे पिकअप ट्रकांची ही लांबलचक रांग. वाद घालायला वाव नाही, उलटं वळायला जागा नाही. पुन्हा पैसे भरले, आत गेलो, तोवर पहिला क्वार्टर संपत आलेला. समोर मेम्फिसची टीम, मॅच हरलोच. नंतर ॲपच्या चॅटवर तक्रार केली, तर पलीकडचा म्हणतो, तुम्ही त्या जागेवर गाडी लावली नव्हती याचा पुरावा द्या. नसलेल्या गाडीचा फोटो कसा काढायचा ते आमच्या आख्ख्या कुटुंबाला अजून सुचलेलं नाही.

तुम्ही म्हणाल, एवढं पार्किंगचं काय घेऊन बसलाय. पण या शहराचं आणि टीमचं सगळं दुखणं पार्किंगपाशीच आहे. टीम 1973 साली डॅलसहून इथे आली तेव्हा हेमिसफेअर अरीनात खेळायची, म्हणजे ऐन डाउनटाउनमध्ये, नदीपासून चालत. 1993 पासून अलामोडोम, तोही चालण्याच्या टप्प्यात. 1999 चं पहिलं विजेतेपद त्याच काळातलं. आणि मग 2002 साली टीमला उचलून पूर्वेला, अलामोपासून चारेक मैलांवर, जुन्या फ्रीमन कोलिझियमशेजारी नेऊन ठेवलं. आधी एसबीसी सेंटर, मग एटी अँड टी सेंटर, 2023 पासून फ्रॉस्ट बँक सेंटर. नावं बदलली, भोवतालचा डांबराचा पसारा तोच. मॅचआधी टेकायला धड टपरी नाही, मॅचनंतर पाय मोकळे करायला फुटपाथ नाही. गाडीशिवाय जाणं अवघड आणि गाडी नेली की पार्किंग.

आता याच्या अगदी उलट, शहरातल्या ज्या गोष्टी खरोखर बघण्यासारख्या आहेत त्या जवळजवळ सगळ्या फुकट. अलामोच्या चर्चमध्ये जायला पैसे पडत नाहीत, फक्त वेळ ऑनलाइन राखून ठेवावी लागते. बहुतेक लोक आत जातात, 'एवढंसंच?' म्हणतात आणि बाहेर येतात. साहजिक आहे. दर्शनी भिंतीवरची ती प्रसिद्ध घंटेच्या आकाराची कमान लढाईच्या वेळी नव्हतीच, ती अमेरिकन लष्कराने 1850 मध्ये चढवली. 1836 साली मेक्सिकोच्या सांता आनाच्या फौजेने तेरा दिवस वेढा घातला तेव्हा या चर्चला छप्परही नव्हतं. म्हणून नुसती इमारत बघून काही हाती लागत नाही. मागच्या अंगणात जा. तिथे 1914 साली शिगा शिगेताका नावाच्या जपानी प्राध्यापकाने बसवलेला एक दगड आहे. त्यावर अभिजात चिनीत कविता कोरलेली आहे आणि तीत अलामोच्या वीरांची तुलना जपानमधल्या 1575 च्या नागाशिनोच्या वेढ्यात लढलेल्यांशी केली आहे. जपान्याला इथे नागाशिनो आठवलं, तर मला पावनखिंड आठवली म्हणून बायकोने हसायचं कारण नव्हतं.

पण माझं मत विचाराल तर अलामोला तासभर पुरे, उरलेला दिवस मिशन्सना, म्हणजे स्पॅनिश पाद्र्यांच्या जुन्या धर्मवसाहतींना, द्या. कॉन्सेप्सियोन, सान होसे, सान हुआन आणि एस्पादा. अलामो धरून ही पाचही 2015 साली युनेस्कोच्या यादीत गेली. प्रवेश फुकट आणि, नीट वाचा, पार्किंगही फुकट. जागतिक वारशाच्या दारात गाडी लावायला दमडी लागत नाही आणि मेम्फिसकडून हरताना बघायला दोनदा पैसे भरा.

आबा इथे आले होते तेव्हा त्यांना सगळीकडे फिरवलं. सान होसेची नक्षीदार खिडकी, धान्याचं कोठार, काही बोलले नाहीत. नदीकाठचा रिव्हर वॉक बघून 'गर्दी फार' एवढंच. एस्पादाजवळच्या जलसेतूपाशी मात्र माणूस जागा झाला. हा 1740 च्या दशकातला, ओढ्यावरून पाणी पलीकडे नेणारा दगडी पूल. दोन बुटक्या कमानी, वर पाट, आणि त्या पाटातून आजही पाणी वाहतं. आबांचं आयुष्य धुळे जिल्ह्यात पांझरेकाठी, फडाच्या, म्हणजे बंधाऱ्यावरून पाळीपाळीने वाटून घ्यायच्या, पाण्यावरच्या शेतीत गेलं. ते कठड्याशी वाकले, पाटात काडी टाकली आणि ती किती वेगाने जाते ते बघत तिच्याबरोबर चालत राहिले. मग प्रश्न सुरू. बंधारा कुठे आहे? वरून किती लांब? पाळी कोण ठरवतं? पाटकरी कोण? मी फोनवर वाचून सांगितलं की स्पॅनिश पाद्री आणि मिशनमधले स्थानिक आदिवासी यांनी मिळून नदीवर बांध घातला, पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या असायच्या, जमिनीचे पट्टेही त्या हिशेबानेच. आबा म्हणाले, "मग हा फडच की. नदीचं नाव तेवढं दुसरं." तिथून हलायला तयार नाहीत. मला अरीनाला निघायचं होतं, लॉट भरायच्या आत.

रिव्हर वॉकबद्दल थोडक्यात. 1921 च्या पुरानंतर शहरातल्या नदीचं हे वळण बुजवून वरून रस्ता करायचा घाट घातला होता, तो लोकांनी हाणून पाडला. रॉबर्ट ह्यूगमन या वास्तुविशारदाने काठाने पायवाट आणि दुकानं अशी योजना मांडली आणि 1939 ते 41 मध्ये ती सरकारी रोजगार योजनेतून बांधली. कल्पना उत्तम. खाणं महाग आणि बेताचं. सकाळी आठच्या आत जा, काठ रिकामा असतो, चालून या आणि नाश्ता दुसरीकडे करा. शाकाहारी मंडळींसाठी सूचना: बीन अँड चीज टाको दिसायला निरुपद्रवी, पण बीन्स बऱ्याच ठिकाणी डुकराच्या चरबीत परततात. विचारून घ्या, लाजू नका. बोटीत बसायचं का? एकदा बसा. विजेतेपद मिळालं की स्पर्सची आख्खी टीम याच नदीतून बोटींनी मिरवते, शेवटची मिरवणूक 2014 ची. इतर शहरांत ट्रकवरून मिरवणुका निघतात, इथे होडीतून. आमच्या पोराने ते व्हिडिओ इतक्या वेळा बघितलेत की बोटवाल्या बाईंपेक्षा त्याचीच माहिती जास्त.

डाउनटाउनमधल्या पार्किंगचं एक गुपित: मंगळवारी संध्याकाळी पाचनंतर महापालिकेच्या गराजमध्ये आणि मीटरवर पैसे लागत नाहीत (नियम बदलू शकतो, जाण्याआधी खात्री करून घ्या). आमच्याकडे पाहुणे आले की शहरदर्शन मंगळवारीच असतं, उगाच नाही.

आता टीम. 2024-25 च्या सीझनच्या सुरुवातीला माझं मत ठाम होतं: तिकिटं महाग, सगळा पैसा व्हिक्टर वेंबान्यामा या एका खेळाडूच्या नावाचा. सव्वासात फुटी माणूस, त्याने दुसऱ्याचा फेकलेला बॉल हवेतच झेपावून अडवला की वरच्या मजल्यावरच्या आम्हालाही आपली मान मागे घ्यावीशी वाटते. तो बघण्यासारखा आहेच, प्रश्न एवढाच की तो बघायला मिळतो कधी. जानेवारीत टीम दोन मॅचेससाठी पॅरिसला. फेब्रुवारीत अरीनात गुराढोरांचं प्रदर्शन आणि रोडिओ, म्हणून टीम बाहेरगावी. हा रिवाज 2003 पासूनचा आहे, नव्याने आलेल्यांना कुणी सांगत नाही. वर 'घरच्या' म्हणून दोन मॅचेस ऐंशी मैलांवर ऑस्टिनला. आणि 20 फेब्रुवारीला बातमी आली की वेंबीच्या खांद्यात रक्ताची गुठळी सापडली, सीझन संपला. कोच ग्रेग पॉपोविचना तर नोव्हेंबरच्या सुरुवातीलाच पक्षाघाताचा सौम्य झटका येऊन गेला होता, त्यांच्या जागी बाकावर साहाय्यक मिच जॉन्सन. मी मार्चची तिकिटं आधीच घेऊन बसलेलो. ज्याला बघायला घेतली तो नाही, ज्याचं बोलणं ऐकायला बरं वाटायचं तो कोच नाही.

इथे माझं मत बदललं. वेंबी बाहेर गेला आणि पुनर्विक्रीची तिकिटं धडाधड उतरली. मधल्या वारी, कमकुवत टीम समोर असेल तर आमच्या तिघांच्या तिकिटांत पूर्वी एक यायचं. आणि मॅचेस वाईट नव्हत्या! क्रिस पॉल, वय एकोणचाळीस, 82 पैकी 82 मॅचेस खेळला. टीव्हीवर कळत नाही, पण वरून बघताना स्पष्ट दिसायचं: बॉल त्याच्या एका हातात टप्पे खात असायचा आणि दुसऱ्या हाताने तो नवख्या स्टेफॉन कासलला 'तिकडे नाही, इकडे' म्हणून जागेवर उभा करायचा. रागावणं नाही, डोळे वटारणं नाही, फक्त दोन बोटं. कासल तेव्हा वीस वर्षांचा, पुढे त्या वर्षीचा सर्वोत्तम नवा खेळाडू ठरला. आमच्या बिल्डिंगच्या आवारात पोरगा आता मित्रांना दोन बोटांनी जागा दाखवतो आणि शिव्या खातो. शेवटची मॅच टोरोंटोशी होती, जिंकलो. एकूण हिशेब 34 विजय, 48 पराभव. कागदावर भिकार सीझन, मला मात्र डॉलरमागे सगळ्यात जास्त बास्केटबॉल मिळालं ते या पडत्या काळातच. स्वस्त तिकिटाने एकच घोळ झाला: माझं तिकीट आता पार्किंगच्या निम्म्या किमतीत यायला लागलं. गाडीला माणसापेक्षा महाग जागा. हे पचत नाही ते नाहीच.

घरी बसून बघावं म्हणाल तर तीही गंमत आहे. लीग पास, म्हणजे एनबीएची ऑनलाइन वर्गणी, घेतला तर लीगमधल्या सगळ्या टीम दिसतात, फक्त आपल्या शहराची दिसत नाही, स्थानिक प्रक्षेपणाच्या हक्कांमुळे. माझा भाचा पुण्यात सकाळचा चहा घेता घेता स्पर्सची मॅच थेट बघतो आणि मला स्कोअर पाठवतो. मी अरीनापासून वीस मिनिटांवर. काही मॅचेस साध्या अँटेनावर फुकट दिसतात, अँटेना एकदाच विकत घ्यायचा. घेतला. आतापर्यंतची सर्वात वसूल खरेदी.

जाता जाता एक, पोराच्या आग्रहास्तव: 2009 च्या हॅलोविनला याच अरीनात मॅच चालू असताना वटवाघूळ शिरलं होतं, आणि स्पर्सच्या मानू जिनोबिलीने ते उडताउडता हाताने खाली पाडलं. नंतर बिचाऱ्याला रेबीजची इंजेक्शनं घ्यावी लागली.

आता नवी बातमी अशी की नोव्हेंबर 2025 मध्ये बेअर काउंटीच्या, म्हणजे आमच्या जिल्ह्याच्या, मतदारांनी डाउनटाउनमध्ये हेमिसफेअरजवळ नवं अरीना बांधायला काउंटीचे 31.1 कोटी डॉलरपर्यंत द्यायला मंजुरी दिली. मला मतदानाचा हक्क नाही, नागरिकत्व दूरच, ग्रीन कार्डही अजून रांगेत आहे, पण हक्क असता तर 'हो'वर शिक्का मारला असता, निव्वळ चालत जाता येईल म्हणून. शेजारचे काका, तीस वर्षांपासूनचे चाहते, म्हणतात तिकिटं इतकी वाढतील की पार्किंग स्वस्त वाटायला लागेल. त्यांचंही खरं असेल. हा पैसा हॉटेलांवरच्या आणि भाड्याच्या गाड्यांवरच्या करातून यायचाय, म्हणजे तुम्ही इथे येऊन राहिलात की तुमचाही त्यात वाटा. तो वसूल करायचा असेल तर नवं अरीना होईपर्यंत असं करा: मधल्या वारची, फारसं नाव नसलेल्या टीमविरुद्धची मॅच धरा, तिकीट त्याच दिवशी दुपारी घ्या, फेब्रुवारी टाळा. सकाळी मिशन्स उरका, एस्पादापासून सुरू करून वर या. मॅचला चौघे असाल तरच गाडी न्या, दोघे असाल तर टॅक्सी परवडते. आणि पार्किंगचे पैसे कुठल्याही ॲपवर आधी भरू नका, गेटवरच्या माणसाच्या हातात द्या.