ग्रेट व्हाइब्स: चार शब्दांपुरता, पण काय देखणा!

प्रमाणपत्रावरचं नाव, मुखपृष्ठावरचा एखादा शब्द, भेटकार्डावरची एक ओळ. अशा कामाला रोमन लिपीत नाजूक, हाती लिहिल्यासारखं वळण हवं असलं की मी ग्रेट व्हाइब्स हा फॉन्ट घेते. गूगल फॉन्ट्सवर तो मोफत आहे. ओपन फॉन्ट लायसन्स असल्यामुळे व्यावसायिक कामातही बिनधास्त वापरता येतो.

त्याची कॅपिटल अक्षरं मला फार आवडतात. ऐसपैस, लांब सुटलेली वळणं आणि त्यांच्या पायाशी लहान अक्षरांची सलग ओळ. टोकदार निबाने लिहिताना खाली येणाऱ्या रेघेवर दाब पडून ती जाड होते, वर जाताना हात हलका होतो. तो जाड-बारीकपणा इथे सुंदर उतरलाय. दोन अक्षरांमधले जोडही नेमके बसतात, आणि हे सोपं काम नाही. जुन्या छपाईतल्या शिशाच्या खिळ्यांत अक्षराला आपल्या चौकटीबाहेर पसरणं अवघड होतं. १९६०च्या दशकात अक्षररचनाकार मॅथ्यू कार्टर यांनी स्नेल राउंडहँड हा असाच जोडाक्षरी वळणाचा फॉन्ट केला तो फोटोटाइपसेटिंगसाठी, म्हणजे खिळ्यांऐवजी प्रकाशाने अक्षरं उमटवण्याच्या पद्धतीसाठी, आणि तिथे अक्षरं एकमेकांवर चढवता येऊ लागली.

पण हा फॉन्ट जपून वापरायचा. ट्रॅकिंगला, म्हणजे अक्षरांमधल्या अंतराला, हात लावायचा नाही. जरा जागा वाढवली की जोड तुटतात आणि सगळी मजा जाते. अख्खा शब्द कॅपिटलमध्ये तर कधीच नको, वळणांत वळणं अडकून काही वाचता येत नाही. लहान अक्षरांची उंची मुळात कमी, त्यामुळे १४ पॉइंटचा मजकूर डोळ्याला बराच बारीक दिसतो. छपाईत २४ पॉइंटच्या खाली मी जात नाही.

छपाईत खरी परीक्षा बारीक रेघांची. त्या चार रंगांच्या मिश्रणातून छापू नका. रजिस्ट्रेशन, म्हणजे रंगावर रंग नेमका बसणं, केसभर हललं तरी कडेला दुसरा रंग डोकावतो. एकाच शाईत घ्या. गडद रंगावर पांढरं, म्हणजे रिव्हर्स, करायचं असेल तर आकार आणखी वाढवा, कारण शाई पसरून रेघ बुजते. व्हिनाइल कापायचं असेल किंवा अक्षरांना आऊटलाइन द्यायची असेल तर आधी कर्व्ह करून (अक्षरांचे आकार बनवून) वेल्ड करा, म्हणजे ते एकसंध जोडा. नाहीतर प्रत्येक जोडावर एकावर एक चढलेल्या कडा दिसतात.

वेबवर एक गोष्ट हमखास निसटते. या फॉन्टला एकच वजन, म्हणजे रेघेची एकच जाडी, आहे, बोल्ड नाही. शीर्षकं मात्र ब्राउझर आपोआप बोल्ड करतो. मग तो स्वतःच रेघा फुगवतो, बारीक रेघही जाड होते आणि ज्या नाजूकपणासाठी फॉन्ट निवडला तोच जातो. शीर्षकाचं वजन ४००, म्हणजे साधं, ठेवलं की झालं.

देवनागरी यात नाही. शेजारी मराठी ओळ लागली तर मी कलम लाइट लावून पाहते. इंडियन टाइप फाउंड्रीचा हा फॉन्टही मोफत. पण त्याची रेघ बॉलपेनची, दाबाच्या निबाची नव्हे. म्हणून दोन्ही एका ओळीत न ठेवता मराठी मजकूर खाली, बऱ्यापैकी अंतर सोडून घेते.